सुरुंगकाम : खाणकाम व बांधकामातील संशोधन आणि सुरक्षित पद्धती

खडकात भोके पाडून त्यांत स्फोटक भरायचे, ते ठरलेल्या क्रमाने उडवायचे आणि खडक उचलता येईल इतका फोडायचा, या तंत्राला सुरुंगकाम म्हणतात. खाण, गिट्टीची खदान, बोगदा, धरणाचा पाया, रस्त्याची खोदाई आणि शेतातली विहीर ही त्याची क्षेत्रे. स्फोटकाची बरीचशी ऊर्जा खडक फोडण्यात खर्चच होत नाही. ती जमिनीचा कंप, हवेतला दणका, धूळ आणि उडणारे दगड यांत जाते. वाया जाणारी ही ऊर्जा कमी कशी करावी, यावर या शास्त्रातले बहुतेक संशोधन चालते. कामगाराची आणि शेजारच्या गावाची सुरक्षितताही त्यावरच ठरते.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात हा विषय मँगनीजमुळे येतो. डोंगरी बुजुर्ग ही उघडी खाण आणि चिखला ही भूमिगत खाण याच तालुक्यात आहेत. बपेरा हे तालुक्यातले मध्य प्रदेशच्या सीमेवरचे गाव. पलीकडे बालाघाट जिल्हा लागतो, आणि तिरोडी, उकवा, भरवेली या खाणी त्या बाजूला येतात. नागपूर, भंडारा व बालाघाट यांना जोडणारा हा पट्टा सौसर समूहाच्या प्राचीन खडकांचा आहे. येथे 1896 मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश कंपनीने खाणकामाचा पाया घातला. तिची मालमत्ता घेऊन 1962 मध्ये मॉईल ही कंपनी उभी राहिली आणि 1977 मध्ये ब्रिटिशांचा उरलेला वाटा सरकारने घेतला. राज्याची सीमा ओलांडली तरी खाणसुरक्षेचा कायदा बदलत नाही. हा कायदा केंद्राचा आहे आणि धनबादचे खाण सुरक्षा महानिदेशालय तो दोन्हीकडे राबवते.

मँगनीजच्या खाणीत सुरुंगाचा आणखी एक कस लागतो. फेरोमँगनीजच्या भट्टीला ढेकळाच्या आकाराचे खनिज हवे असते. स्फोटकाचा भार जास्त झाला की चांगल्या खनिजाची भुकटी होते, भाव उतरतो आणि धूळही वाढते. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे शरीरात गेल्यास मेंदूवर परिणाम होतो, चाल व हातापायांच्या हालचाली बिघडतात. म्हणून ड्रिलिंग पाणी सोडून करणे आणि सुरुंगानंतर ढीग भिजवणे हा आरोग्यरक्षणाचाच भाग मानला पाहिजे. भूमिगत खाणीत खनिजाचा एक थर काढून झाला की रिकाम्या जागेत पाण्यासोबत वाळू भरतात व तिच्यावर उभे राहून वरचा थर फोडतात. तिथे भार बेताचा नसेल तर छत आणि बाजूची भिंत सैल होते. सुरुंग उडवल्यावर विषारी वायू हवेने धुऊन निघेपर्यंत आणि छत ठोकून तपासेपर्यंत माणसे आत सोडत नाहीत.

उघड्या खाणीत खडक बेंच पाडून, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी काढतात. मोकळ्या कड्यापासून भोकांच्या पहिल्या ओळीपर्यंतच्या अंतराला बर्डन म्हणतात. बर्डन फार असेल तर खडक सुटत नाही आणि सारा जोर जमिनीत जाऊन कंप वाढतो. फार कमी असेल तर दगड समोर लांबवर फेकले जातात. भोकाच्या वरच्या टोकाला स्फोटक न भरता ड्रिलिंगचा चुरा किंवा बारीक खडी ठासतात. या ठासणीची लांबी सामान्यतः बर्डनच्या 0.7 पट ते बर्डनइतकी ठेवतात. ती आखूड झाली की वायू तोंडातून निसटतो आणि दगड उडतात. खदानीवरच्या अपघातांत ही चूक वारंवार दिसते. ठासणीसाठी लाकडी दांडाच वापरायचा, लोखंडी सळई कधीच नाही.

स्फोटकांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. बोरघाटातला रेल्वेमार्ग 1863 मध्ये सुरू झाला तेव्हा डायनामाइट अस्तित्वात नव्हते. तो घाट काळ्या दारूने फुटला. आल्फ्रेड नोबेलने 1867 मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमोनियम नायट्रेट व डिझेल यांचे स्वस्त मिश्रण आणि पुढे स्लरी व इमल्शन आले. नायट्रोग्लिसरीनवर आधारलेली स्फोटके भारतात 2004 मध्ये बंद झाली. बोलीत जिलेटिनच्या कांड्या हेच नाव टिकले असले तरी आजच्या कांडीत बहुधा इमल्शन किंवा स्लरी असते. भंडाऱ्यासारख्या तलावांच्या आणि भाताच्या जिल्ह्यात हा बदल मोलाचा ठरला. भोकात पाणी असेल तर अमोनियम नायट्रेट विरघळते व सुरुंग फसतो. इमल्शनला पाण्याची बाधा होत नाही.

कंपाचा प्रश्न गावाच्या सर्वांत जवळचा आहे. येथे मोजतात तो जमिनीच्या कणांचा कमाल वेग, सेकंदाला किती मिलिमीटर असा. अंतराला एका क्षणी उडणाऱ्या भाराच्या वर्गमुळाने भागल्यावर जी संख्या येते, तिच्याशी हा वेग बांधलेला असतो. उदाहरणार्थ, घर 500 मीटरवर असून एका वेळी 100 किलो उडत असेल तर ती संख्या 50 येते. तेवढेच एकूण स्फोटक 25-25 किलोच्या टप्प्यांत उडवले तर ती 100 होते आणि कंप साधारण एक तृतीयांशावर उतरतो. कंप एकूण भारावर कमी आणि एका डिलेत, म्हणजे एकाच टप्प्यात, उडणाऱ्या भारावर जास्त अवलंबून असतो, हे ध्यानात आल्यावर सुरुंगकामाची रचनाच बदलली. दोन भोकांमध्ये काही मिलिसेकंदांचे अंतर ठेवणारे डेटोनेटर, शॉक ट्यूब आणि अलीकडचे इलेक्ट्रॉनिक डेटोनेटर यांचे महत्त्व यातच आहे. मात्र सूत्रातले स्थिरांक खडकागणिक बदलतात. एका खाणीचे आकडे दुसरीला लावणे चूक आहे. प्रत्येक ठिकाणी चाचणी सुरुंग घेऊन ते काढावे लागतात.

महानिदेशालयाच्या 1997 च्या सातव्या तांत्रिक परिपत्रकात मर्यादा दिल्या आहेत. खाणमालकाच्या मालकीची नसलेली कच्ची किंवा विटा-सिमेंटची घरे असतील तर 8 हर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेला 5 मिमी, 8 ते 25 हर्ट्झला 10 मिमी आणि त्यावर 15 मिमी प्रतिसेकंद. ऐतिहासिक व नाजूक वास्तूंसाठी हेच आकडे 2, 5 व 10 आहेत. कमी वारंवारतेला मर्यादा कडक असण्याचे कारण असे की, बैठ्या घरांची स्वतःची डोलण्याची वारंवारता त्याच पल्ल्यात असते. माणसाला तर 1 मिमीहून कमी कंपही जाणवतो. त्यामुळे कवेलूच्या घरातली भांडी खणखणली म्हणून भिंत तडकलीच असे होत नाही, आणि गावकऱ्याला वाटणारी भीतीही खोटी नसते. कंपमापकाच्या नोंदी कार्यालयाच्या फाइलीत न ठेवता ग्रामपंचायतीच्या फलकावर लावल्या, आणि खाण वाढण्याआधीच घरांच्या जुन्या भेगांची नोंद घेतली, तर निम्मे वाद उद्भवणारच नाहीत.

उडणाऱ्या दगडांसाठी धातुखाणींच्या 1961 च्या नियमावलीत 300 मीटरचे धोकाक्षेत्र आले. कोळसा खाणींच्या 2017 च्या नियमावलीत ते 500 मीटर आहे. सुरुंगाची वेळ ठरलेली असावी, भोंगा वाजावा, वाटांवर लाल झेंड्याची माणसे उभी राहावीत, आणि शेतात वा गुरांमागे कोणी नाही याची खात्री झाल्यावरच ब्लास्टरने सुरुंग उडवावा. हिवाळ्यातल्या सकाळी हवेच्या थंड थरामुळे दणका दूरवर जातो, म्हणून दुपार बरी. वीज कडाडू लागली की भरलेली भोके सोडून सर्वांनी धोकाक्षेत्राबाहेर पडायचे. याला अपवाद नाही.

न उडालेला सुरुंग हा या कामातला सर्वांत फसवा शत्रू. किती आवाज झाले ते मोजतात. आकडा जुळला नाही तर वातीच्या सुरुंगाला 30 मिनिटे थांबणे बंधनकारक आहे. ठासणी उकरून काढायची नाही. किमान 30 सेंमी बाजूला समांतर भोक घेऊन तो सुरुंग निकामी करतात.

संशोधन व नियमनाची बरीच केंद्रे विदर्भातच आहेत. स्फोटकांचे परवाने देणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय, भारतीय खाण ब्यूरो, केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेचे केंद्र आणि विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा खाण विभाग ही सारी नागपुरात आहेत. बांधकामाच्या बाजूने महाराष्ट्राचा अभिमानाचा दाखला कोयनेचा. 13 मार्च 1999 रोजी आणि पुन्हा 25 एप्रिल 2012 रोजी भरल्या जलाशयाखालचा खडकाचा शेवटचा पडदा सुरुंगाने फोडून पाणी बोगद्यात घेतले गेले.

मोठ्या खाणीत अभियंता, फोरमन, मेट आणि परीक्षा उत्तीर्ण ब्लास्टर असतो. खरी उणीव लहान कामांत आहे. मुरूम, गिट्टी यांच्या उथळ व कमी मजुरांच्या खदानींना खाणसुरक्षेच्या कायद्यातल्या बऱ्याच तरतुदींतून सूट आहे, पण तिथे स्फोटक वापरले की ही सूट संपते. अनेक खदानचालकांना हे ठाऊक नसते. विहिरीच्या कामाचे आणखी कठीण. ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर येतो, भोके पडतात, आणि ट्रॅक्टरच्याच बॅटरीला तारा लावून सुरुंग उडवण्याची रीत वर्षानुवर्षे चालत आली. केंद्र सरकारने 1 एप्रिल 2025 पासून इलेक्ट्रिक डेटोनेटरचे उत्पादन, बाळगणे व आयात बंद केल्यामुळे ही रीत आता बेकायदा ठरली आहे. काम स्फोटके नियम 2008 नुसार परवानाधारक शॉटफायररकडूनच करून घेतले पाहिजे. सुरुंगानंतर विहिरीत कार्बन मोनॉक्साइड व नायट्रोजनचे ऑक्साइड साचून राहतात. पहिल्याला वास नसतो. कॉम्प्रेसरची नळी तळाशी सोडून बराच वेळ हवा मारल्याशिवाय कोणालाही खाली उतरवू नये, आणि उतरणाऱ्याच्या कमरेला दोर व वर तो धरणारी माणसे असलीच पाहिजेत.