मीठ कोणाच्या अखत्यारीत?

वेंगुर्ले तालुक्यातले शिरोडा मराठी वाचकांना दोन कारणांनी ठाऊक असते. वि. स. खांडेकर १९२० पासून येथील शाळेत शिक्षक होते आणि मे १९३० मध्ये येथील मिठागरांवर सत्याग्रह झाला. त्या वेळच्या सरकारला मीठ म्हणजे महसूल. १९४७ साली मिठावरचा कर उठला, पण मिठावरची सरकारी नजर काही हटली नाही. फक्त तिचे कारण बदलले.

हे नवे कारण सापडले समुद्रापासून फार दूर, कांग्रा खोऱ्यात. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खोऱ्याचे तीन विभाग पाडले. दोन विभागांत आयोडीन मिसळलेले मीठ पुरवले, तिसऱ्यात साधे. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांतल्या मुलांमध्ये गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले, तिसऱ्यात तसे झाले नाही. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे हा विकार डोंगराळ मुलखापुरता नाही असे दिसून आले, तेव्हा १९८० च्या दशकात खाण्याचे सर्वच मीठ आयोडीनयुक्त करायचे ठरले.

येथे किनाऱ्यावरचा माणूस विचारेल, की समुद्राच्या मिठात आयोडीन असतेच ना? वर्गात हे गणित जरूर करून पाहावे. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण २७ ग्रॅम खाण्याचे मीठ असते आणि आयोडीन असते सुमारे ६० मायक्रोग्रॅम. ते सगळेच्या सगळे मिठात उतरले असे धरले, तरी १० ग्रॅम मिठातून जेमतेम २२ मायक्रोग्रॅम मिळेल. प्रौढ माणसाची रोजची गरज १५० ची. प्रत्यक्षात त्यातलेही बरेचसे मीठ ओढून घेतल्यावर उरणाऱ्या कडू पाण्यातच राहते. मासळीतून आयोडीन मिळते हे खरे, पण मासे सर्वांच्या ताटात रोज नसतात.

म्हणजे आयोडीन वरून घालायला हवे. घालायचे कोणी? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मिठाचे उत्पादन व पुरवठा केंद्राच्या यादीत आहे, सार्वजनिक आरोग्य राज्यांच्या यादीत, आणि अन्नातील भेसळ दोघांच्या समवर्ती यादीत. चिमूटभर मिठाचे असे तीन वाटे! याचे परिणाम लवकरच दिसले. साध्या मिठाच्या विक्रीवर केंद्राने १९९८ पासून देशभर बंदी घातली आणि २००० मध्ये स्वतःच उठवली. काय खावे हे लोकांनी ठरवावे, असा युक्तिवाद होता. परंतु १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्यानेच राज्यांना आरोग्यासाठी बंदी घालण्याची मुभा दिलेली होती. अनेक राज्यांनी आपल्या आदेशांनी बंदी चालू ठेवली. आमच्या मते दोन स्तरांवर सत्ता असण्याचा हा खरा उपयोग. केंद्राची बंदी २००६ मध्ये परत आली. जुलै २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम भेसळीच्या कायद्यात बसत नाही असा निर्णय दिला, मात्र सहा महिने तो चालू ठेवला. तेवढ्यात ऑगस्टमध्ये २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील नियम लागू झाले आणि बंदीला नवा आधार मिळाला.

या बंदीला अपवाद आहेत: जनावरांसाठी, उद्योगासाठी, आणि पदार्थ टिकवण्यासाठी. म्हणजे बांगडा खारवायला जाड मीठ, तसे लेबल लावून, विकता येते. आमटीसाठी विकता येत नाही. दोन्ही मिठे दिसायला सारखीच. छोट्या मिठागराला आयोडीन मिसळण्याचे यंत्र परवडणे कठीण, आणि त्याचे जाड मीठ कोणाच्या चुलीपर्यंत पोचते हे दिल्लीतून दिसत नाही.

ते पाहण्याचे काम खालच्या स्तरावर येते. पोती-पाकिटांचे नमुने राज्याचे अन्न व औषध प्रशासन घेते. घरातले मीठ तपासण्यासाठी आशा कार्यकर्तीला छोटा संच दिला जातो. शाळेतही ही तपासणी जमते, पण नुसती पेज ओतून मीठ निळे होत नाही, कारण त्यात आयोडीन असते ते आयोडेटच्या रूपात. पेजेत थोडे पोटॅशियम आयोडाइड आणि लिंबाचा रस घातला की आयोडीन मोकळे होऊन निळा रंग येतो. नियमानुसार कारखान्यात दशलक्ष भागांत किमान ३० भाग आणि ग्राहकाकडे किमान १५ भाग आयोडीन हवे. निळ्या रंगावरून आयोडीन आहे एवढेच समजते. ते पंधरा आहे की पाच, हे कळण्यासाठी थायोसल्फेटचे अनुमापन करावे लागते आणि त्यासाठी मीठ प्रयोगशाळेत पाठवावे लागते.