डी लाइल कार्बाइन

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये विल्यम गॉडफ्रे डी लाइल यांनी तयार केलेली, पिस्तुलाच्या काडतुसावर चालणारी निःशब्द कार्बाइन. ली-एनफील्ड रायफलीच्या सांगाड्यावर थॉम्पसन सबमशिनगनची नळी बसवून ती सभोवार जाड आवाजरोधकाने वेढलेली असे. मॅगझीन कोल्ट पिस्तुलाचे, ७ गोळ्यांचे.

तिचे मर्म .४५ (११.४३ मिमी.) काडतुसात आहे. रायफलीची गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जाते आणि तिचा कडाका कोणत्याही आवाजरोधकाने थांबत नाही. या काडतुसाची जड गोळी मात्र सेकंदाला सुमारे २५० मी. वेगानेच जाते, त्यामुळे दाबायचा तो फक्त बारुदवायूंचा आवाज. बोल्ट हाताने मागे घ्यावा लागत असल्याने झाडताना यंत्रणेचा खडखडाटही होत नाही. पुढची गोळी भरतानाचा आवाज मात्र ऐकू येई.

चाचणीची हकिकत विलक्षण आहे. लंडनमधील एका उंच इमारतीच्या छतावरून टेम्स नदीत गोळ्या झाडल्या आणि खालच्या पादचाऱ्यांना पत्ताही लागला नाही, असे सांगितले जाते. चांदमारीच्या मैदानावर अचूकता मोजता येते. बेसावध माणसाच्या कानाची खरी परीक्षा तिथे होत नाही, म्हणून ही चाचणी महत्त्वाची. सुमारे १३० कार्बाइनच तयार झाल्या. त्या प्रामुख्याने कमांडो तुकड्यांनी, पुढे मलायातही वापरल्या.