काचपेटीतील शेवाळ

घरी काचेच्या पेटीत मासे आणि पाणवनस्पती ठेवणाऱ्याला पहिला आनंद मिळतो तो हिरव्या रंगाचा, आणि पहिला मनस्ताप होतो तोही हिरव्या रंगाचाच. पंधरा दिवस पेटी आरशासारखी स्वच्छ असते. मग एके सकाळी काचेवर हिरवट साय दिसते, पानांच्या कडांवर केसासारखे तंतू लोंबू लागतात, आणि घासून काढावे तो आठवड्याभरात सारे पूर्ववत. मराठीत या सगळ्याला एकच शब्द आहे, शेवाळ. विहिरीच्या पायरीवरून पाय घसरतो तो त्याच्यामुळेच. परंतु या उपद्रवी वस्तूचे मानवी ज्ञानावर मोठे ऋण आहे, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

इ. स. १७७८ च्या सुमारास इंग्लंडातील जोसेफ प्रीस्टली या धर्मोपदेशक शास्त्रज्ञाने पाण्याने भरून ठेवलेल्या आपल्या काचपात्रांच्या कडेला एक हिरवा पदार्थ जमलेला पाहिला. ऊन पडले की त्यातून बुडबुडे उठत, आणि ते गोळा केले असता ती हवा नेहमीच्या हवेहून शुद्ध ठरे. हा पदार्थ वनस्पती आहे की आणखी काही, याविषयी खुद्द प्रीस्टली पुष्कळ काळ साशंक होता. पुढच्याच वर्षी यान इंगेनहाऊस या डच वैद्याने प्रयोगांनी दाखवून दिले, की वनस्पतींचे हिरवे भाग उजेडात असतानाच ही हवा सोडतात, अंधारात नाही. ज्याला आज प्रकाशसंश्लेषण म्हणतात त्याच्या शोधात पाण्यातील शेवाळाचा असा मोठा वाटा आहे.

या ज्ञानाचा घरगुती उपयोग व्हावयास सत्तर वर्षे जावी लागली. लंडनच्या अपॉथेकरीज हॉल या औषधी तयार करणाऱ्या संस्थेत रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनज्ञ होता. माशांनी वापरलेला प्राणवायू वनस्पतींनी परत द्यावा आणि पाणी न बदलता दोघांनीही सुखाने नांदावे, असे काही साधते का, हे त्याला पाहावयाचे होते. १८४९ साली त्याने सुमारे १२ गॅलन पाणी मावेल अशा काचपात्रात वाळू, चिखल आणि दगड घातले, फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिस्नेरिया लावली आणि दोन लहान सोनमासे सोडले.

आरंभी सारे ठीक चालले. मग जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळले, आणि काचेवर व पानांवर हिरवट बुळबुळीत थर चढला. एखाद्याने पात्र रिकामे करून पुन्हा भरले असते. वॉरिंग्टनने विचार केला तो असा, की निसर्गातील तळ्यात हा कचरा कोण उचलतो? तळ्यात गोगलगायी असतात. म्हणून त्याने लिम्निया जातीच्या पाच-सहा गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि तो थर खाऊन टाकला, पाणी निवळले, आणि त्यांची अंडी माशांना आयते खाद्य झाली. १८५० साली त्याने हा वृत्तान्त लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे वाचला. शेवाळाचा बंदोबस्त करता करताच आधुनिक मत्स्यपेटी जन्मास आली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मात्र या गोगलगायी शेवाळ संपले की कोवळ्या पानांवरही तोंड टाकतात, हे सांगितले पाहिजे.

पुढे हा छंद साथीसारखा पसरला. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस याच्या पुस्तकाने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघर नेला. काचेवरचा कर १८४५ सालीच उठला असल्याने पेट्याही स्वस्त झाल्या होत्या. हौशी मंडळी त्या दिवाणखान्याच्या खिडकीत, भर उन्हात ठेवीत. आणि मग पाणी वाटाण्याच्या आमटीसारखे का झाले म्हणून हळहळत. विल्यम अल्फर्ड लॉइड या व्यावसायिकाने मर्म ओळखले. १८७१ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने उभारलेल्या समुद्री मत्स्यालयात प्रेक्षणीय टाक्यांपेक्षा कितीतरी अधिक पाणी तळघरातील अंधाऱ्या हौदात असे, आणि ते सतत फिरते ठेवलेले असे.

वॉरिंग्टनची समतोलाची कल्पना मात्र पुढे पूर्णत्वाने टिकली नाही. पेटीतील बराचसा प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून हवेतूनच येतो. माशांना घातलेल्या खाद्यातून नत्र आणि स्फुरद पाण्यात साठत राहतात. वनस्पती तेवढे सगळे वापरू शकत नाहीत. म्हणून काही पाणी नियमाने बदलणे भागच असते.

गोड्या पाण्यातील पेटीला पुढे विजेचा दिवा मिळाला, आणि दुखण्याचे मूळ खिडकीतून दिव्याकडे सरकले. प्रखर उजेड असून कर्बवायू अपुरा पडला की लावलेली झाडे खुंटतात, आणि अल्पसंतुष्ट शेवाळ मोकळे रान मिळाल्यासारखे माजते. काही काळ पुष्कळांनी सारा दोष स्फुरदाच्या माथी मारला. पण पुढे तेच स्फुरद मुद्दाम घालूनही निरोगी झाडांच्या पेट्या स्वच्छ राहिल्या. शेवाळेही एका जातीची नव्हेत. नव्या पेटीतली तपकिरी साय बहुधा आपोआप जाते. निळसर-हिरवा, दुर्गंधी पापुद्रा वस्तुतः जिवाणूंचा असतो. आणि पानांच्या कडेला दाढीसारखी वाढणारी, घासून न निघणारी काळी शेवाळ ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तांबड्या शेवाळाच्या कुळातली. मद्यार्कात टाकली की तिचा तांबडा रंग उघड होतो. तिने धरलेली पाने खुडून टाकण्यात फारसे दुःख मानू नये. दिवा आठ तासांच्या आत ठेवावा, जलद वाढणारी झाडे आरंभीच दाटीने लावावीत, आणि औषधाच्या बाटलीकडे हात सर्वांत शेवटी जावा.

१९८० नंतरच्या दशकात जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो याने गोगलगायींच्या जागी एक लहानशी पारदर्शक कोळंबी कामाला लावली. डोंगरदऱ्यांतील निसर्गचित्र पाण्याखाली उभे करणे हा त्याचा ध्यास होता, आणि शेवाळाचा एक तंतूही त्या चित्रास सोसत नसे. ही कोळंबी आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. दिवसभर ती पानापानांवरून चिमट्यासारख्या पायांनी तंतू वेचीत असते; मात्र माशांचे खाद्य मुबलक पडू लागले, की शेवाळ सोडून तिकडेच धावते.