गणित वस्तीत आलं त्याची कुळकथा

ऑपरेशनल रिसर्चचा जन्म लष्करी तळावरचा. 1930 च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर बॉड्सी इथे रडार तयार होत होतं. पण यंत्र चालणं वेगळं आणि त्याच्या भरवशावर विमानं वेळेत उडवणं वेगळं. हे दुसरं काम शास्त्रज्ञांनी अभ्यासाला घेतलं, आणि त्या अभ्यासाला हे नाव पडलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांचा प्रश्न आला. विमानातून टाकलेली स्फोटकं शंभर फूट खोलीवर फुटत. भौतिकशास्त्रज्ञ ई. जे. विल्यम्स यांच्या लक्षात आलं की पाणबुडी एवढ्या खोल जाते तोवर ती कुठे आहे हेच कळत नाही. नेम लागतो तो ती वर असताना किंवा नुकती बुडी मारत असतानाच. फुटण्याची खोली कमी करत 25 फुटांवर आणली. विमानं तीच, स्फोटकं तीच, पण हल्ल्यांना यश येऊ लागलं.

युद्ध संपल्यावर ही विद्या कोळसा आणि पोलाद उद्योगांत गेली. म्हणजे सेनापतीच्या जागी व्यवस्थापक आला, एवढंच. उद्दिष्ट वरूनच ठरायचं. ज्यांच्या हातात ना हुकूम ना पैसा, त्यांचा प्रश्न कुणी सोडवायला घेईना. या शास्त्राची ही उणीव मला फार मोठी वाटते.

ती पहिल्यांदा ठळकपणे दाखवली फिलाडेल्फियातल्या मँटुआने. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाजवळची ही कृष्णवर्णीयांची गरीब वस्ती. 1960 च्या दशकाच्या शेवटी तिथले कार्यकर्ते आणि प्राध्यापक रसेल अ‍ॅकॉफ एकत्र आले. काय करायचं ते वस्ती ठरवणार, विद्यापीठाने फक्त वस्ती मागेल तेवढी मदत द्यायची. 1970 मध्ये अ‍ॅकॉफ यांनी यावर लेख लिहिला. त्याचं शीर्षकच होतं, एका कृष्णवर्णीय वस्तीने विद्यापीठावर केलेलं संशोधन.

ब्रिटनमध्ये हे बीज रुजवलं जोनाथन रोझनहेड यांनी. 1980 च्या दशकाच्या मध्यावर ते ऑपरेशनल रिसर्च सोसायटीचे अध्यक्ष होते आणि त्या पदाचा उपयोग त्यांनी याच कामासाठी केला. 1988 मध्ये बार्न्सलीजवळच्या नॉर्दर्न कॉलेजमध्ये ‘कम्युनिटी ओआर’चं, म्हणजे वस्त्यांसाठीच्या ऑपरेशनल रिसर्चचं केंद्र सुरू झालं. तिथल्या कोळशाच्या खाणी एकामागून एक बंद पडत होत्या. अशा भागात हे केंद्र निघालं हे अगदी योग्य झालं.

पण असं केंद्र ज्यांच्यासाठी काम करतं, त्या भाडेकरूंच्या संघात किंवा सहकारी संस्थेत सेनापती नसतो. दहाजणांची दहा उद्दिष्टं, आणि दहाही खरी. तिथे समीकरण मांडायचं कशाचं? म्हणून पीटर चेकलंड, कॉलिन ईडन या ब्रिटिश अभ्यासकांच्या पद्धती कामी आल्या. भिंतीवर मोठा कागद लावायचा, प्रत्येकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहायचं आणि कशामुळे काय होतं ते बाणांनी जोडायचं. बाण चुकीचा वाटला तर खोडायचा अधिकार वस्तीतल्या माणसाचा. तज्ज्ञ फक्त विचारतो, ‘मग यामुळे काय होतं?’

यात गणित कुठे आहे, अशी शंका व्यवसायातल्याच अनेकांनी घेतली. मला ती पटत नाही. हिशेब लागतो तिथे तो करायचाच. पण आधी प्रश्न कोणता घ्यायचा, हे त्या वस्तीत राहणाऱ्यांनीच ठरवायला हवं.