पडत्या पेसोच्या वाटेवरची गावं

१७ एप्रिल १९५४, शनिवार. दुसऱ्या दिवशी ईस्टर. मेक्सिकोत हा पवित्र आठवडा म्हणजे वर्षातली मोठी सुट्टी. बँका बंद, कचेऱ्या बंद. ज्याला परवडतं तो समुद्रावर, बाकीचे गावच्या घरी. नेमक्या याच दिवशी अर्थमंत्री आंतोनियो कारियो फ्लोरेस यांनी पेसोचं अवमूल्यन जाहीर केलं. डॉलरचा भाव ८.६५ पेसोंवरून १२.५० वर गेला. अमेरिकन पाहुण्याच्या खिशातल्या शंभर डॉलरचे आता ८६५ ऐवजी १,२५० पेसो येणार होते. सुट्टी संपवून कामावर परतलेल्या मेक्सिकन कामगाराचा पगार मात्र होता तेवढाच राहिला.

हा दर पुढची २२ वर्षं हलला नाही. अमेरिकन मध्यमवर्गाच्या मनात ‘मेक्सिको म्हणजे स्वस्ताई’ हे समीकरण पक्कं झालं ते याच काळात. त्याची सुरुवात मात्र आधीची होती, आणि १९५४ नंतरही १९७६, १९८२ आणि १९९४ या सालांनी त्यात भर घातली. दर वेळी पेसो सगळ्या देशाचा पडला, पण प्रवाशाला स्वस्त पडली ती निवडक ठिकाणं. कोणती, हे विनिमय दरावर जितकं ठरलं, त्याहून जास्त ठरलं ते तिथले भाव कोणत्या चलनात आणि कोणत्या गिऱ्हाइकाकडे बघून लावले जात होते यावर.

ज्या नाण्याची ही घसरण, त्याचा पूर्वज मोठ्या तोऱ्याचा होता. मेक्सिकोच्या चांदीची नाणी आकापुल्कोहून गलबतांनी मनिलाला जात आणि तिथून चीनच्या बाजारात शिरत. खुद्द अमेरिकेत ती १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होती. विसाव्या शतकात चित्र उलटलं. १९३३ मध्ये दर ३.६० पेसोंवर बांधला गेला. १९३८ मध्ये राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी परकी तेल कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं आणि पेसो पुन्हा घसरला. मधल्या काळात, १९३६ मध्ये, टेक्सासच्या सीमेवरच्या लारेडोपासून मेक्सिको सिटीपर्यंत सुमारे १,२०० किलोमीटरचा मोटाररस्ता खुला झाला. मंदीने गांजलेल्या अमेरिकेतले शिक्षक, चित्रकार, लेखक आपापल्या गाड्या घेऊन दक्षिणेला निघाले.

त्यांच्या यादीत राजधानीतलं शिक्षण मंत्रालय असायचंच, कारण तिथल्या भिंती दिएगो रिवेरा यांनी रंगवल्या होत्या. या चित्रांमध्ये वर्ध्याचा एक माणूस आहे: पांडुरंग सदाशिव खानखोजे. गदर चळवळीतले हे क्रांतिकारक १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवू लागले आणि मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केलं. अमेरिकन प्रवासी मेक्सिकोत स्वस्ताई शोधत होते त्याच वर्षांत हा मराठी माणूस तिथल्या शेतकऱ्याचं पीक वाढवण्याच्या खटपटीत होता. रिवेरांची त्यांच्याशी मैत्री जमली, ती काही उगाच नाही.

स्वस्त पेसोने एखादं गाव कसं बदलतं, हे पाहायचं तर सान मिगेल दे आयेंदेला जावं. मेक्सिको सिटीच्या वायव्येला, ग्वानाह्वातो राज्यातलं हे डोंगरातलं गाव एकेकाळी उत्तरेकडच्या चांदीच्या वाटेवर होतं. खाणींची भरभराट ओसरली तसं तेही ओसरलं. १९३७ मध्ये शिकागोचे तरुण चित्रकार स्टर्लिंग डिकिन्सन तिथे उतरले, आणि १९९८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच त्यांचं गाव राहिलं. पुढच्याच वर्षी पेरूचे चित्रकार फेलिपे कोस्सियो देल पोमार यांनी एका जुन्या मठाच्या इमारतीत कलाशाळा काढली आणि डिकिन्सन तिचे संचालक झाले. जाडजूड भिंतींची रिकामी घरं, कोरडी हवा, उत्तम प्रकाश आणि अगदी कमी खर्च, एवढं त्यांच्याकडे देण्यासारखं होतं.

दुसरं महायुद्ध संपल्यावर या शाळेचं नशीब उघडलं. युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी निर्वाहभत्ता मिळू लागला होता आणि मान्यताप्राप्त परदेशी संस्थांतही तो चालत असे. १९४८ मध्ये एकट्या माणसाला महिना ७५ डॉलर मिळत. न्यूयॉर्कमध्ये एवढ्यात भागणं अवघड. सान मिगेलमध्ये घरभाडं, जेवण आणि रंग यांचा खर्च निघून वर काही उरायचं. त्या जानेवारीत ‘लाइफ’ साप्ताहिकाने या विद्यार्थ्यांवर सचित्र लेख छापला आणि शाळेकडे अर्जांचा ढीग लागला. १९४८ च्या जुलैपर्यंत दर ४.८५ होता, म्हणजे ७५ डॉलरचे साधारण ३६४ पेसो. मग सरकारने पेसो मोकळा सोडला आणि जून १९४९ मध्ये तो ८.६५ वर स्थिर केला. त्याच भत्त्याचे आता ६४९ पेसो झाले. भावही चढले, पण डॉलरच्या वेगाने नाही. वर्षभरात विद्यार्थ्याची ऐपत अशी वाढली, आणि त्यात त्याचं स्वतःचं कर्तृत्व काहीच नव्हतं.

शाळेतले दिवस काही शांततेत गेले नाहीत. भित्तिचित्रकार दाविद आल्फारो सिकेरोस शिकवायला आले, मठाच्या एका दालनात विद्यार्थ्यांसह काम सुरू झालं, आणि पैशांवरून शाळेच्या मालकाशी त्यांचा कडाक्याचा वाद झाला. शिक्षक-विद्यार्थ्यांनी शाळा सोडली, अमेरिकन दूतावासाने मान्यता काढून घेतली. ते अर्धवट भित्तिचित्र आजही तिथे बघायला मिळतं. पण गावाची घडी बसली होती. लवकरच ‘इन्स्तितुतो आयेंदे’ ही नवी कलासंस्था उभी राहिली आणि परदेशी पुन्हा येऊ लागले. काही विद्यार्थी राहून गेले, त्यांच्यामागून पेन्शनर आले, त्यांच्यामागून घरं विकत घेणारे. २००८ मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारशाच्या यादीत घातलं. गावातली ‘ला आउरोरा’ ही कापडगिरणी १९०२ पासून चालू होती. ती १९९१ मध्ये बंद पडली आणि आता तिच्या खात्यांमध्ये कलादालनं आहेत. घरांच्या जाहिरातींत किंमत डॉलरमध्ये छापली जाते. स्वस्ताईने नावारूपाला आलेल्या या गावात आज स्वस्त असं फार थोडं उरलं आहे.

पन्नास-साठच्या दशकांत मोठी गर्दी आकापुल्कोकडे वळली. राष्ट्राध्यक्ष मिगेल आलेमान यांनी आपल्या कारकिर्दीत, १९४६ ते १९५२ दरम्यान, तिथल्या उपसागराच्या कडेने रस्ता बांधला आणि त्या रस्त्याला त्यांचंच नाव मिळालं. १९५३ मध्ये जॉन आणि जॅकलिन केनेडी मधुचंद्राला इथे आले. ज्यांना ही चैन झेपत नव्हती, त्यांच्यासाठी जॉन विल्कॉक यांनी दिवसाला ५ डॉलरमध्ये मेक्सिको कसा पाहावा याचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलं. पाच डॉलर म्हणजे साडेबासष्ट पेसो. या हिशेबात राहायचं तर समुद्रकाठ सोडून आतल्या गावांत शिरावं लागे: साधं अतिथिगृह, दुसऱ्या वर्गाची बस, आणि दुपारी ‘कोमिदा कोर्रिदा’, म्हणजे सूप, भात, मुख्य पदार्थ आणि पेय असं ठरल्या किमतीचं जेवण. हे जेवण कारकुनासाठी आणि कामगारासाठी रांधलेलं असे. त्याचा भाव त्यांच्या पगाराकडे बघून ठरायचा, म्हणून पेसो पडला की सगळ्यात मोठा फायदा याच ताटावर मिळायचा. दूरच्या प्रवाशाला आजही उपयोगी पडेल अशी ही खूण आहे. विद्यार्थ्यांचं गाव असलेलं ग्वानाह्वातो, मोरेलिया, पुएब्ला, व्हेराक्रूस इथलं मुख्य गिऱ्हाईक मेक्सिकन राहिलं, आणि भावही पेसोतच राहिले.

कान्कुनची गोष्ट नेमकी उलटी. तिचा जन्मच डॉलरसाठी झाला. साठच्या दशकाच्या अखेरीस देशाच्या मध्यवर्ती बँकेतल्या अधिकाऱ्यांनी परकीय चलनाची तूट भरून काढण्यासाठी समुद्रकिनारे धुंडाळले. आंतोनियो एन्रिकेस साविग्नाक हे त्यातलं प्रमुख नाव. युकातान द्वीपकल्पाच्या टोकाला, जवळपास निर्मनुष्य अशी वाळूची एक लांब पट्टी त्यांनी निवडली. १९७० मध्ये काम सुरू झालं, १९७१ मध्ये आंतर-अमेरिकी विकास बँकेने २ कोटी १५ लाख डॉलरचं कर्ज दिलं आणि १९७४ मध्ये पहिली हॉटेलं उघडली. प्रवासी सहसा बँकेच्या दाराशी दराची पाटी बघायला जातो. इथे बँकेनेच त्याच्यासाठी गाव वसवलं.

तेवढ्यात दर बदलला. ३१ ऑगस्ट १९७६ रोजी, लुइस एचेवेरिया यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस, १२.५० चा बांध फुटला आणि डॉलर लवकरच २० पेसोंच्या वर गेला. पण केवळ दर पडला म्हणून माणसं येतातच असं नाही. आदल्या नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांत झायोनवादाला वंशवाद ठरवणाऱ्या ठरावाच्या बाजूने मेक्सिकोने मत दिलं होतं. त्यावर अमेरिकेतल्या ज्यू संघटनांनी मेक्सिकोच्या सहलींवर बहिष्कार घातला आणि हॉटेलांची आरक्षणं रद्द झाली होती. तो राग निवल्यावर स्वस्त पेसोचा फायदा दिसू लागला. मात्र कान्कुनमध्ये खोलीचं भाडं डॉलरच्या हिशेबाने आणि वेटरचा पगार पेसोत, अशी रचना होती. पेसो पडला की हॉटेलमालकाचा खर्च उतरायचा. पाहुण्याचं बिल तेवढं उतरायचं नाही. अमेरिकेत नोकरी करणारी अनेक मराठी कुटुंबंही आता कान्कुनला जातात, कारण अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. त्यांनाही हाच अनुभव येतो: समुद्रकाठच्या हॉटेलात डॉलर, आणि बसने काही तासांवरच्या बाय्यादोलिदच्या बाजारात पेसो.

१९८२ चा धक्का परदेशी रहिवाशांनाही बसला. चापाला सरोवराच्या काठी, आहिहिक आणि आसपासच्या गावांत, अमेरिकन पेन्शनरांची वस्ती वाढली होती. सौम्य हवा आणि जवळच ग्वादालाहारासारखं शहर, अशी ती सोय. अनेकांनी जास्त व्याजाच्या आशेने आपली बचत मेक्सिकन बँकांत ठेवली होती. वर्षाच्या सुरुवातीला डॉलर सुमारे २६ पेसोंना होता. फेब्रुवारीत पेसो कोसळला आणि ऑगस्टमध्ये देशाने परकी कर्ज फेडता येत नसल्याचं सांगितलं. त्याच महिन्यात बँकांतल्या डॉलर ठेवी बाजारापेक्षा बऱ्याच कमी दराने सक्तीने पेसोत बदलल्या गेल्या. वर्षअखेर मुक्त दर १५० च्या घरात होता. ज्याची पेन्शन दरमहा अमेरिकेहून येत होती तो निभावला. ज्याची आयुष्याची पुंजी मेक्सिकन खात्यात होती, त्याचं मोठं नुकसान झालं. सीमेपलीकडे टेक्सासच्या लारेडो आणि मॅकॅलनमधली दुकानं ओस पडली, कारण तेलाच्या तेजीत तिथे खरेदीला येणारं मेक्सिकन गिऱ्हाईक एकाएकी आटलं.

१९९३ च्या १ जानेवारीला नोटांवरची तीन शून्यं उडवून नवा पेसो आला. दोन वर्षांच्या आत, डिसेंबर १९९४ मध्ये, तोही कोसळला. साडेतीनच्या आत असलेला डॉलर मार्चपर्यंत सातच्या पुढे गेला. त्या वसंतात पाठीवर पिशवी टाकून वाहाका आणि सान क्रिस्तोबालला पोहोचलेल्या प्रवाशाला खोली, जेवण, विणलेली शाल सगळं अर्ध्या किमतीत मिळाल्यासारखं वाटलं. पण १९९५ मध्ये महागाई ५२ टक्क्यांवर गेली आणि प्रवाशाची ती सवलत महिन्यागणिक वितळली. घरमालक, शेतकरी, छोटे दुकानदार कर्जाच्या व्याजाखाली दबले. ‘एल बार्सोन’ या कर्जदारांच्या चळवळीत ते रस्त्यावर उतरले. पाहुण्याची स्वस्ताई आणि यजमानाचं दिवाळं एकाच तारखेला आलं होतं. प्रवासाच्या पुस्तकांत यातला पहिला अर्धाच छापला गेला, ही त्या पुस्तकांची मोठी उणीव.

अलीकडे गणित उलटसुलट झालं. २०२० च्या वसंतात डॉलर २५ पेसोंच्या आसपास गेला होता. चढ्या व्याजदरांमुळे आणि परदेशातून येणाऱ्या पैशामुळे २०२४ च्या एप्रिलपर्यंत तो साडेसोळाच्याही खाली आला. शिकागोतल्या मुलाने गावी पाठवलेल्या शंभर डॉलरचे आईच्या हातात २,५०० ऐवजी जेमतेम १,६५० पेसो पडू लागले. प्रवाशाला मेक्सिको महाग झाला. तरी राजधानीतल्या रोमा आणि कोंदेसा भागांत लॅपटॉपवर काम करणारे परदेशी येतच राहिले, कारण त्यांची तुलना मेक्सिकन पगाराशी नव्हती, सान फ्रान्सिस्कोच्या घरभाड्याशी होती. २०२२ मध्ये शहराच्या सरकारनेच युनेस्को आणि एअरबीएनबी यांच्यासोबत अशा पाहुण्यांना बोलावण्याचा करार केला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच शहराच्या विधिमंडळाने अल्पकाळ भाड्याने दिलेल्या घरांवर वर्षातल्या निम्म्या रात्रींची मर्यादा घातली. ४ जुलै २०२५ रोजी रहिवाशांनी वाढत्या भाड्यांविरुद्ध मोर्चा काढला, त्यात काही दुकानांच्या काचा फुटल्या, आणि त्याच महिन्यात महापौर क्लारा ब्रुगादा यांनी भाडेवाढ महागाईच्या दराला बांधण्याची योजना मांडली. वाहाकाचे लोक याच मागण्या घेऊन दीड वर्ष आधीच, जानेवारी २०२४ मध्ये, रस्त्यावर आले होते.