विद्युज्जाळ्यांतील दाबगणिताचा आरंभ

विजेच्या जाळ्यांत कोणत्या तारेंतून किती शक्ति वाहील व कोणत्या ठिकाणीं दाब किती राहील, हें आधीं गणितानें काढणें ही गणकयंत्राच्या युगांतील विद्या होय, असा समज आढळतो. त्यास आधार म्हणून वॉर्ड व हेल यांचा १९५६ चा निबंध दाखविण्यांत येतो. त्या निबंधाचें महत्त्व आम्हांस मान्य आहे; परंतु मूळ प्रश्न त्यापूर्वीं सुमारें पाऊणशें वर्षें उपस्थित झाला होता, असें आमचें मत आहे.

न्यूयॉर्क येथील एडिसनच्या पर्ल स्ट्रीट केंद्रांतून ४ सप्टेंबर १८८२ रोजीं सुमारें ११० व्होल्ट दाबाची वीज शहरांत जाऊं लागली. तारेंतून प्रवाह गेला कीं दाब घटतो. प्रवाह व तारेचा रोध यांचा गुणाकार म्हणजे ही घट. एकच तार खोडाप्रमाणें नेऊन तिला फांद्या फोडल्या तर जवळचे दिवे प्रखर व दूरचे मंद होतात, आणि घट आवरावी तर तांबें अतोनात लागतें. एडिसननें १८८० मध्यें अर्ज केलेल्या व १८८२ मध्यें मंजूर झालेल्या २,६४,६४२ क्रमांकाच्या पेटंटांत यावर तोड आहे. केंद्रांतून निघणाऱ्या पोषक तारांस वाटेंत एकहि दिवा जोडावयाचा नाहीं. त्या रस्त्यांतील वांटपतारांस ठिकठिकाणीं नेऊन मिळवावयाच्या. मोठी घट पोषक तारांतच होते, व दिव्यांस जवळजवळ सारखा दाब मिळतो. १८८३ मध्यें मंजूर झालेल्या तीन तारांच्या पद्धतींत तर, तिन्ही तारा सारख्या जाडीच्या धरल्यास, त्याच प्रमाणांतील घटीसाठीं पूर्वीच्या शेंकडा ३७.५ इतकेंच तांबें पुरतें.

परंतु वांटपतारा एकमेकींस जोडल्या कीं प्रवाह अनेक वाटांनीं येतो. सांध्यांत येणारा प्रवाह जाणाऱ्या प्रवाहाइतका असतो, व बंद फेऱ्यांतील दाबांचा जमाखर्च जुळतो, हे नियम किर्खोफनें १८४५ मध्यें विद्यार्थिदशेंतच मांडले होते. तथापि शहराएवढ्या जाळ्याचीं समीकरणें हातानें सोडविणें दुर्घट. म्हणून एडिसनचा सहकारी हर्मन क्लॉडियस यानें त्या क्षेत्राची लहान तारप्रतिकृति मांडून तिच्यावर मापें घेतलीं. हीच युक्ति प्रत्यावर्ती प्रवाहासाठीं मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंतील १९२९ च्या जाळें-विश्लेषक यंत्रांत मोठ्या प्रमाणावर दिसते.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. दिव्याचा रोध ठराविक धरला तर समीकरणें सरळ राहतात. पुढील जाळ्यांत मात्र भार शक्तीच्या परिमाणांत दिलेला असतो. प्रवाह काढण्यास दाब हवा आणि दाब काढण्यास प्रवाह. म्हणून दाबाचा अंदाज धरावयाचा, चूक मोजावयाची, आणि अंदाज सुधारीत जावयाचें. वॉर्ड व हेल यांनीं हें काम गणकयंत्राकडे सोंपविलें. टिनी व हार्ट यांनीं १९६७ मध्यें न्यूटनची रीत लावून तें पुष्कळ जलद केलें. फांद्याफांद्यांच्या वितरणजाळ्यांसाठीं शिरमोहम्मदी व त्याचे सहकारी यांनीं १९८८ मध्यें निराळी रीत प्रसिद्ध केली: टोंकांकडून केंद्राकडे प्रवाह मिळवीत यावयाचें, मग केंद्राकडून टोंकांकडे दाबाची घट वजा करीत जावयाचें. सारांश, १९५६ हें एका रीतीचें वर्ष आहे. प्रश्नाचा आरंभ पर्ल स्ट्रीटच्या तारांत आहे.

पर्ल स्ट्रीटचें केंद्र १८९० मध्यें आगींत जळालें, व विश्लेषक यंत्रेंहि गणकयंत्रांपुढें मागें पडलीं. अशा स्थितींत निर्णय करावयाचा तो पेटंटें, तारनकाशे व हातच्या गणिताच्या वह्या यांवरूनच. आपल्याकडे खोपोलीच्या जलविद्युत्केंद्रांतून १९१५ मध्यें मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली. त्या काळचे असे कागद कोणाच्या संग्रहीं असतील, तर मोडी दफ्तराच्या रुमालाप्रमाणेंच ते जपावे व त्यांची यादी करावी, अशी संग्राहकांस आमची विनंति आहे.