वालकूरचा पट्टा

पश्चिम रेल्वेवर रोज लोंबकळत जाणारा माणूस फलाटात शिरणारी गाडी लांबूनच ओळखतो. "बंबार्डियर आहे," म्हणतो आणि खांद्याला खांदा लागेल अशा गर्दीत पुढे सरकतो. 2015 साली मुंबईत धावू लागलेल्या या पांढऱ्या-जांभळ्या गाड्यांचे डबे चेन्नईचे आणि विजेची यंत्रणा बंबार्डियर कंपनीची, म्हणून हे नाव. मूळ फ्रेंच उच्चार बोंबार्दिए, अर्थ तोफची. ज्या गृहस्थाचं हे आडनाव, तो मात्र रेल्वेच्या धंद्यात कधीच नव्हता. त्याचा सगळा जन्म बर्फावर चालणाऱ्या गाड्या जुळवण्यात गेला.

जोसेफ-आर्मां बोंबार्दिए 1907 साली कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, वालकूर या खेड्यात जन्मला. पोराच्या खुडबुडीला कंटाळून वडिलांनी त्याला फोर्ड मॉडेल-टीचं एक जुनं इंजिन देऊन टाकलं. 31 डिसेंबर 1922 ला, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने ते घसरगाडीवर बसवलं, मागे विमानासारखा लाकडी पंखा लावला आणि भावाला पुढे सुकाणूवर बसवून गावातून फेरी मारली. उघडा पंखा गरगरतोय आणि माणसं बाजूला पळताहेत! वडिलांनी ते धूड तिथल्या तिथे सुटं करायला लावलं. कोणत्याही बापाने हेच केलं असतं.

बर्फावरच्या मोटारीचं खूळ तेव्हा एकट्या वालकूरला नव्हतं. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये व्हर्जिल व्हाइट मॉडेल-टीच्या पुढच्या चाकांजागी स्की आणि मागे पट्टे बसवत असे. 1917 साली त्याला पेटंट मिळालं. 'स्नोमोबाईल' हा शब्द त्याचाच. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल एलियासनने 1924 साली लाकडी घसरगाडीला होडीचं इंजिन आणि सायकलचे भाग जोडले. पायातल्या व्यंगामुळे त्याला मित्रांबरोबर बर्फातून शिकारीला जाणं जमत नव्हतं, तेवढ्यासाठी हा खटाटोप.

बोंबार्दिएने 1926 साली गावात गॅरेज टाकलं. उन्हाळ्यात मोटारी दुरुस्त करायच्या आणि हिवाळ्यात, रस्ते बंद झाले की, प्रयोग करायचे. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा इव्हाँ पोटाच्या दुखण्याने गेला. इस्पितळ शेरब्रूकला, सुमारे 50 किलोमीटरवर, आणि वाट बर्फाने अडलेली. स्नोमोबाईलची कथा सांगणारे बहुतेक जण तिची सुरुवात इथून करतात. मला ते पटत नाही. तो या कामाला बारा वर्षं आधीच लागला होता. दुःखातून शोध लागला असं म्हणणं त्या बारा वर्षांवर अन्याय आहे. खरी अडचण यंत्राची होती. भुसभुशीत बर्फात चाक रुततं. वजन पसरवायला पट्टा हवा, पण लोखंडी पट्टा जड, आणि त्याच्या सांध्यांत बर्फ घट्ट बसला की तो अडतो. 1935 मध्ये त्याने रबर चढवलेलं दातेरी चाक आणि रबर-कापडाचा, लोखंडी आडव्या पट्ट्या असलेला लवचिक पट्टा अशी जोडी जमवली. 1937 साली पेटंट झालं. त्या पट्ट्यावर चालणारी, सात माणसं बसतील अशी बी-7 आणि पुढे बारा जणांची बी-12 या गाड्या आल्या. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं, सगळे त्यांतून जाऊ लागले.

मग सरकारने रस्ते साफ केले. 1948 साली क्वेबेकमध्ये रस्त्यांवरचा बर्फ काढणं बंधनकारक झालं आणि कंपनीची विक्री एका वर्षात जवळपास निम्म्याने घसरली. बोंबार्दिए दलदलीत आणि जंगलात चालणाऱ्या ट्रॅक्टरांकडे वळला. एकट्यादुकट्याची छोटी गाडी मात्र त्याच्या डोक्यातून गेली नव्हती. तेवढं हलकं इंजिन आणि अखंड रबरी पट्टा, दोन्ही पन्नाशीच्या दशकात हाताशी आले. पट्ट्याचं काम थोरला मुलगा जेर्मेंने केलं. तिकडे मिनेसोटात रोझो गावी हेटीन मंडळींच्या कारखान्यात धान्याच्या यंत्राची साखळी आणि शेवर्लेच्या बंपरच्या स्की लावून 1956 साली एक गाडी उभी राहिली. कामगारांचे पगार द्यायचे होते म्हणून ती 465 डॉलरला विकावी लागली. पोलॅरिस कंपनीच्या स्नोमोबाईलचा पाळणा तोच.

1959 साली बोंबार्दिएची 'स्की-डू' आली. पुढे दोन लाकडी स्की, मागे 15 इंच रुंदीचा पट्टा, 7 अश्वशक्तीचं कोलर इंजिन. नाव खरं तर 'स्की-डॉग' ठरलेलं, कुत्र्यांच्या घसरगाडीची जागा घ्यायची म्हणून. छपाईत चूक झाली आणि तीच पसंत पडली, असं सांगतात. सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक उत्तर ओंटारियोतल्या एका मिशनरी पाद्र्याकडे गेली. पहिल्या हंगामात सव्वादोनशे गाड्या खपल्या. 1964 साली बोंबार्दिए वारला. 1968 च्या एप्रिलमध्ये राल्फ प्लेस्टेड हा मिनेसोटातला विमा एजंट साथीदारांसह स्की-डूवरून उत्तर ध्रुवावर पोहोचला.

त्या काळच्या गाड्या कॅनडा-अमेरिकेत कोठारांच्या कोपऱ्यांत अजून सापडतात आणि हौशी लोक त्या चालू करतात. ज्याने घरी बजाज चेतक पाळली आहे त्याला हे वाचताना नाकात वास येईल. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल, जुन्या मॉडेलना 20 लिटरला 1 लिटर. टाकीतलं जुनं पेट्रोल चिकट होऊन बसलेलं असतं. ते काढायचं, कडक झालेल्या नळ्या बदलायच्या, कार्ब्युरेटर उघडायचा. त्यात फ्लोट नसतो, पातळ पडदा असतो. तो वाळून ताठ झालेला असतो, नवा टाकायचा. थंड हवा देणाऱ्या पंख्याच्या झाकणाखाली हमखास उंदराचं घरटं निघतं. ते न काढता इंजिन चालवलं तर पिस्टन जळतो. प्लग काढून सिलिंडरमध्ये दोन थेंब तेल, पॉइंट घासून स्वच्छ, मग दोरी ओढायची. चौथ्या-पाचव्या हिसक्याला निळा धूर आला की कोठारात टाळ्या पडतात.

त्या टाळ्या जरा लवकरच पडतात. इंजिन काय, नव्या क्रँक-सीलवर आणि थोड्या मेहनतीवर जागं होतं. गाडी रानात न्यायची तर मागचं टोक उचलून पट्टा हाताने फिरवावा लागतो. दातेरी चाक जिथे अडकतं ती भोकं फाटलीत का, रबराला भेगा आहेत का, आतल्या पोलादी काड्या मोडल्यात का, खालच्या चाकांच्या बेअरिंगना ग्रीस पोचतंय का, ताण दोन्ही बाजूंना सारखा आहे का? ओल्या मातीवर वर्षानुवर्षं टेकलेला पट्टा सडतो. जमिनीला गोठून चिकटलेला पट्टा अॅक्सिलरेटर दाबून सोडवू पाहणारा तो फाडतो. आधी गाडी हलवून, उचलून मोकळी करायची. पुढचा ड्राइव्ह बेल्ट तुटला तर सीटखालचा दुसरा दहा मिनिटांत चढतो, अॅक्टिव्हाच्या व्हेरिएटरसारखीच रचना आहे. पट्टा गावापासून दहा किलोमीटरवर गेला, तर कमरेएवढ्या बर्फातून पायी परतावं लागतं, 1934 सारखंच.

1973 च्या तेलटंचाईने स्नोमोबाईलचा बाजार बसला. आधीच हात-पाय पसरणाऱ्या बोंबार्दिए कंपनीने 1974 साली माँत्रेआल मेट्रोच्या डब्यांचं काम घेतलं. तिथून ती वाट विरारपर्यंत आली. रेल्वेचा व्यवसाय 2021 मध्ये आल्स्तोमला विकला गेला. स्नोमोबाईलचा भाग 2003 मध्येच वेगळा झाला होता. स्की-डू आजही वालकूरलाच बनते.